दूधवाल्याचं कॅरियर आणि काष्ठमौन

जबाब

ठिकाण : पोलीस चौकी, सोनारपुरा भाग, वाराणसी
दि. २० एप्रिल २०२५, रविवार. सुरुवात सकाळी ८ वाजून ५ मिनिटे.
जबाब देणार : सौ. मृणालिनी प्रल्हाद आंबर्डेकर, वय ६४ वर्षे, रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून सेवानिवृत्त, राहणार खोजवां, वाराणसी. माहेर जबलपूर.
लिहून घेणार : उपनिरीक्षक हिमानी पाटणकर.

मी वर नाव दिलेली बाई समक्ष हजर राहून, कुणाच्याही दबावाशिवाय, पण घाईत सांगते की, माझं नाव मृणालिनी आहे. हे नाव रेल्वेच्या ओळखपत्रावर आणि आधार कार्डावर आहे. घरात मला या नावाने कोणी हाक मारत नाही. सासरची माणसं वहिनी म्हणतात, गल्लीतले चाची म्हणतात आणि नवरा एकोणचाळीस वर्षं 'अगं' म्हणतो. जबाब मराठीत देत आहे, कारण हिंदीत मी भांडते. उपनिरीक्षक पाटणकर यांच्या घरी मराठी बोलतात म्हणून त्या लिहून घेत आहेत, हिंदी प्रत मागाहून करतील. माझं बोलणं नीटनेटकं करत बसू नका असं मी त्यांना सांगितलं आहे. नऊ वाजता आम्हाला राजा घाटावर पोचायचं आहे.

समोर बाकावर बसलेले, पांढरं धोतर नेसलेले आणि गळ्यात मोगऱ्याचे हार असलेले गृहस्थ माझे यजमान आहेत. नाव प्रल्हाद, वय ७४, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते जिवंत आहेत. हे वाक्य नक्की लिहा असं मी दोनदा सांगितलं. काल सूर्यास्तापासून त्यांचं काष्ठमौन आहे. साधं मौन असतं तर त्यांनी खूण केली असती, कागदावर लिहून दिलं असतं. काष्ठमौनात तेही चालत नाही. काष्ठ म्हणजे लाकूड. लाकूड मान हलवत नाही. हे शिपायाला मी हिंदीत समजावलं, तेव्हा तो म्हणाला, "चाची, बस एक बार हाँ बोल दें।" मी काय बोलले ते लिहिण्याची जरूर नाही.

राजा घाटावर दरवर्षी या दिवसांत आम्हा मराठी मंडळींची वसंतपूजा असते. वैदिक जमतात, मंत्र म्हणतात, मग पन्हं आणि कैरीची डाळ. पहिली ऋचा यजमान म्हणतात आणि त्या दिवशी तोंडातून निघणारा पहिला शब्द तोच असावा असा त्यांचा नेम. वयाच्या एकतिसाव्या वर्षापासून चालू आहे. गेली दोन वर्षं मात्र गुडघ्याने खाल्ली. ऑपरेशन झालं, पण उजवा पाय धड वाकत नाही आणि पन्नास पावलांवर दम लागतो. दोन्ही वर्षी यजमानांकडे शिकलेल्या यज्ञेश्वरने सुरुवात केली. मुलगा गुणी आहे, गळाही चांगला आहे, पण गाडी सुटत असल्यासारखा म्हणतो. त्या दोन्ही दिवशी यजमान खिडकीशी बसून राहिले, जेवले नाहीत. मला ते बघवलं नाही.

ई-रिक्शा सोनारपुऱ्यापर्यंतच येते, पुढे गल्ली आहे. चाकाची खुर्ची आणते म्हटलं तर म्हणाले, "रोगी म्हणून ऋचा म्हणू काय?" स्कूटरवर पाय दुमडत नाही. मी चिडून विचारलं, "मग कशावरून याल ते तरी सांगा." तर म्हणाले, "तुझ्या सायकलवरून." ते थट्टेने म्हणाले होते. पण बायको फिटर असली की थट्टासुद्धा जपून करावी.

माझी सायकल कारखान्यात जाण्यासाठी घेतलेली काळी लेडीज सायकल आहे. तिला मागे चिमट्याचं कॅरियर होतं. त्यावर डबा राहतो, नवरा राहत नाही. मी खोजवांच्या सायकलवाल्याकडे, कुशलकडे गेले आणि दूधवाले कॅन बांधतात तसलं जाड सळयांचं, लांब कॅरियर मागितलं. तो म्हणाला, "चाची, लेडीज साइकिल पर? क्या लादेंगी?" मी म्हटलं, तुझे चाचा. तो हसला आणि त्याने जुनेच नट काढून लावायला घेतले. तिथेच मी पाना त्याच्या हातातून घेतला. एकतीस वर्षं मी जे केलं ते मला कोणी शिकवू नये. मागच्या चाकाच्या आसाला दोन्हीकडून कॅरियरचे पाय, प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वायसर, पुढची पट्टी सीटच्या नळीला आवळून, मागचं टायर नवीन, सगळे स्पोक ताणून घेतलेले. वर मोडक्या वेताच्या खुर्चीची पाठ बोल्टने उभी केली आणि चौघडी गोधडी घातली. यजमान माझ्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून बसतात. म्हणजे न वाकणारा पाय सरळ मागे लांब राहतो. पाय टेकायला दोन लोखंडी पट्ट्या लावल्या आहेत.

आधी मी पीठ आणि तांदूळ मिळून साठ किलोची पोती बांधून गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. यजमान दारातून बघत होते. म्हणाले, "मी काय पोतं आहे?" मी म्हटलं, "पोतं टोमणे मारत नाही, म्हणून आधी पोतं." तिसऱ्या फेरीला चढावर पुढचं चाक उचललं गेलं. मागे भार आणि पुढे काही नसलं की सायकल बिथरलेल्या घोड्यासारखी पुढचे पाय उचलते. त्यावर उपाय म्हणून आज पन्ह्याचा कॅन पुढे हँडलला बांधला होता. डाळीचा डबाही पुढच्याच टोपलीत. हारांना जागा उरली नाही, म्हणून ते मी यजमानांच्या गळ्यात घातले. हार वसंतपूजेचे आहेत. दुसरा काही हेतू नव्हता.

पट्ट्याचं विचारलंत. पट्टा आमच्या जुन्या होल्डॉलचा आहे. तो मी यजमानांच्या पोटावरून खुर्चीच्या पाठीला बांधला, कारण ते मौनात होते. मौनात माणूस 'अगं, मी पडलो' असंही म्हणणार नाही आणि मी घाटावर पोचून मागे बघावं तर कॅरियर रिकामं. ऊन आणि धूळ लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच पांढरं उपरणं डोक्यावरून तोंडावर ओढून घेतलं आणि डोळे मिटले. हे सगळं मागून कसं दिसत होतं ते मला आज इथे चौकीत मोबाइलवर दाखवण्यात आलं. बघून मलाही हात जोडावेसे वाटले.

आम्ही सहा पन्नासला घरून निघालो. भेलूपुरला चौकातल्या शिपायाने गाड्या थांबवून आम्हाला वाट दिली. मला वाटलं, शहर सुधारलं. पुढे चहावाला उठून उभा राहिला. एका बाईने फुलं टाकली. सोनारपुऱ्याला येईपर्यंत मागे आठ-दहा माणसं चालत होती, कोणी काही पुटपुटत होतं. मी मनात म्हटलं, यंदा वसंतपूजेला गर्दी बरी होणार, डाळ पुरायची नाही. मला मागे वळून बघता येत नव्हतं, पन्हं हिंदकळत होतं. काशीत संन्यासी गेले की त्यांना बसवून, हार घालून नदीवर नेतात, हे मला माहीत आहे. पण आपल्याच नवऱ्याच्या बाबतीत ते डोक्यात येत नाही.

सात पंचवीसला मी गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि सायकल ढकलायला लागले. तेवढ्यात यजमानांना शिंक आली. मोगरा नाकाशी होता. शिंक मौनात धरत नाहीत, ती आपोआप येते. तर मागे एकच ओरडा झाला. दोन माणसं पळाली, एक जण नालीत पडला, त्याला लागलेलं नाही. आणि श्री. विश्वजीत, जे भोपाळहून यात्रेला आले आहेत आणि सध्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहेत, ते ओरडले, "ज़िंदा हैं! ज़िंदा बाबा को बाँधकर समाधि देने ले जा रही है!" मग त्यांनी फोन लावला. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या जिवाची काळजी केली, ती मीही रोजच करते. मात्र 'ये औरत' म्हणाले ते मला आवडलं नाही. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली आहे.

सात चाळीसला उपनिरीक्षक आल्या आणि त्यांनी आम्हाला चौकीत आणलं. सायकल मीच ढकलली, यजमान कॅरियरवरच होते. त्यांना विचारण्यात आलं की तुम्ही स्वखुशीने चालला आहात काय. ते डोळे मिटून बसले. पुन्हा विचारण्यात आलं. मी म्हटलं, नऊला सभा सुरू होईल, पहिली ऋचा झाली की हवं तेवढं विचारा, मग हे थांबायचे नाहीत. उपनिरीक्षकांना पटलं. पण त्यांनी फोनवर वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांचं म्हणणं, बांधलेल्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय बाईला सोडता येणार नाही.

आठ तीसला उपनिरीक्षक म्हणाल्या, "काकू, एक करता येईल. काकांना आमचे दोन शिपाई सायकलवरून घाटावर नेतील, त्यांचा नेम मोडणार नाही. तुम्ही मात्र इथे थांबायचं, ते परत येऊन बोलेपर्यंत." चांगली मुलगी आहे, तिने मार्ग काढला. मी हो म्हटलं. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. तीन आठवडे त्या कॅरियरवर राबले, त्यांची ऋचा घाटावर बसून ऐकायची होती. पण ती ऋचा म्हटली जाणं जास्त महत्त्वाचं. मी शिपायांना बजावलं की वळणावर हळू घ्या, ब्रेक फक्त मागचा दाबा, कॅन पुढून काढू नका. यजमानांना बाकावरून परत कॅरियरवर बसवलं, पट्टा नीट केला आणि त्यांना म्हटलं, "अहो, ऋचा म्हणून या. मी इथेच आहे."

तेव्हा आठ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. यजमानांनी उपरणं डोक्यावरून मागे सारलं आणि म्हणाले, "मृणालिनी येत नसेल तर मी जाणार नाही."

मी म्हणाले, "अहो, काय केलंत हे! एवढं जपलेलं!" ते म्हणाले, "सुटलं ते सुटलं." मग उपनिरीक्षकांकडे वळून त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं की, मी प्रल्हाद आंबर्डेकर, माझ्या मर्जीने या कॅरियरवर बसलो, पट्ट्याचंही तिने मला काल मौनाआधीच विचारलं होतं, आणि माझी बायको मला नदीत टाकायला नेत नव्हती. टाकायचं असतं तर इतके नट आवळले नसते. हे त्यांचं बोलणं उपनिरीक्षकांनी वेगळ्या कागदावर घेऊन त्यावर त्यांची सही घेतली आहे. वरिष्ठांना पुन्हा फोन झाला आणि मला जाण्याची परवानगी मिळाली.

मी अजून रागावलेली आहे, हेही लिहा. चाळीस वर्षांचा नेम असा माझ्यापायी मोडायचा होता काय? मी तसं म्हटलं तर म्हणाले, "यंदाही यज्ञेश्वरला सुरुवात करू दे, मी त्याच्यामागून म्हणेन. त्याला जरा सावकाश म्हणायला लावतो. पुढच्या वर्षी आपण अर्धा तास आधी निघू." पुढच्या वर्षी म्हणाले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. म्हणून राग आहे, पण थोडाच आहे.

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मौनाच्या दिवशी उपरणं तोंडावर घेऊ देणार नाही आणि हार कितीही झाले तरी टोपलीतच ठेवीन, असं मी लिहून देत आहे. श्री. विश्वजीत गल्लीत सायकल मागून धरायला येतो म्हणतात. मी त्यांना कॅरियरला हात लावायला परवानगी दिली आहे, नटांना नाही. डाळ त्यांनाही मिळेल. उपनिरीक्षकांची ड्यूटी दहाला संपते, तोवर पन्हं उरलं तर त्यांच्यासाठी ठेवू.

हा जबाब उपनिरीक्षकांनी मला मोठ्याने, माझ्या सांगण्यावरून भरभर वाचून दाखवला. यजमानांनीही ऐकला आणि मध्ये दोन ठिकाणी हसले. मी सांगितलं तसाच उतरला आहे, फक्त एक दुरुस्ती करावी. सुरुवातीला 'घरात मला या नावाने कोणी हाक मारत नाही' असं लिहिलं आहे. ते आज सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत बरोबर होतं.

सही : मृणालिनी आंबर्डेकर
वेळ : सकाळी ८ वाजून ४७ मिनिटे