ब्रोडरसनला भेटायला

हाम्बुर्गच्या तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या.

"तुम्ही कोणाला भेटायला आलात?"

"हेनिंग ब्रोडरसनना. आमच्या गाडीवान संघटनेचे पुढारी. संपात पकडलं ना त्यांना!"

"तुम्ही त्याच्या कोण?"

"कोणी नाही हो. मी दुधाची गाडी हाकते. त्यांच्यासाठी धुरावर सुकवलेला मासा आणलाय. फार आवडतो त्यांना."

"घरी तर कधी तोंड लावत नाही!"

"म्हणजे तुम्ही..."

"बायको. लग्नाची."

"अगंबाई! फार मोठ्या मनाचा माणूस, ताई. घोडा उधळून माझा नवरा गेला, तेव्हा दिवसभर माझ्या दारात बसून होते."

"आमची लेक गेली, तेव्हा बंदरावर सभा होती त्याची."

"ब्रोडरसनसाठी कोण आहे? एकालाच आत सोडणार!" शिपाई ओरडला.

"जा ताई. तुमचा मान पहिला."

"जाणारच. आणि तो मासा इकडे द्या, मीच देईन."

"घ्या."

"अजून एक सांगा."

"काय?"

"तुमच्याशी तो काय बोलतो? आत जाऊन मला काहीतरी बोलावं लागेल."