तीन नंबरच्या बग्गीचा ब्रेक

माजा जन्म राजापूरच्या वरच्या अंगाचा, सड्यावरचा, कातळाच्या माळावरचा. बापूस चिरेखाणीवर कामाला, दिवसभर जांभा कापायचा नि घरी यायचा तो डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत तांबडाच, आवस त्याला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसवून दोन हंडे पाणी ओतायची तवा कुटं आमाला आमचा बापूस वळखू यायचा. मला त्या खाणीत जायचं नव्हतं. का नव्हतं ते नाय सांगता यायचं, पण मला गाडीचा आवाज आवडायचा, चिरे न्यायला ट्रक यायचा तर मी त्याच्या बोनेटाला कान लावून उभा ऱ्हायचो. मंग सातवी झाली, मिसरूड फुटलं, नि मामानं मला राजापुरात एका गॅरेजात नेऊन लावला.

गॅरेजवाल्यांना आमी चाचा म्हणायचो. बोलणं कमी, चिडणं त्याहून कमी. त्यांनी मला काय शिकवलं असंल तर ते ब्रेक. ते म्हणायचे, ब्रेक दाबून पायाला काय वाटतं ते धरून चालू नको, पाय फसतो, चाक काढ, ड्रम काढ, आतमध्ये डोळ्यानं बघ. येवडंच सांगायचे, पण रोज सांगायचे. आता तुमी म्हणाल हे मी तुमाला कशाला सांगतोय. कारण मला म्हाईत हुतं हो. नवख्या माणसाकडनं चूक झाली तर गोष्ट येगळी, पण मला म्हाईत हुतं.

लगीन झालं नि मी रत्नागिरीत आलो. बायको सुलभा, इकडच्याच गावातली, शहरापासनं दोन कोसांवर तिचं माहेर. तिचा बापूस लवकर गेला, आवस लोकांच्या शेतात राबायची, तर सुलभानंच धाकट्या भावाला वाढवला, दिनूला. लगीन होऊन इकडं आली तरी तिचं निम्मं लक्ष तिकडंच, दिन्या जेवला असंल का, दिन्याला ताप तर नसंल. मी चिडवायचो तिला, म्हणायचो तुला भाऊ नाय, पोरगाच हाय तो. ती म्हणायची, हायच. आमाला मूल झालं नाय, तेवडं एक लिवा, मंग पुढचं तुमाला कळंल.

मी रिक्षांची कामं करायचो. मंग तिकडं शहराच्या भायर समुद्रावरच्या डोंगुरात मोठं हॉटेल झालं, वर खोल्या नि खाली किनारा, मध्ये उतार. पाव्हण्यांना खाली-वर न्यायला त्यांनी चार गोल्फ गाड्या आणल्या, बॅटरीवरच्या, आमी बग्गी म्हणायचो. नव्या नाय, कुटल्याशा क्लबात वापरून झालेल्या. मला त्यांनी मेकॅनिक म्हणून घेतला. गाडी दिसायला खेळण्यासारकी, आवाज नाय, धूर नाय, पण वजन बघाल तर बॅटऱ्यांमुळं भरपूर. नि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. पेडल दाबलं की खालनं केबल ओढते, चाकाच्या ड्रममधले दोन शू, अर्धगोल लोखंडी पट्ट्या, पसरतात, ते ड्रमला आतनं घासतात नि गाडी थांबते. साधं काम. पण सपाट मैदानावर चालवायला केलेली गाडी ती, नि आमच्याकडं दिवसातनं वीस वेळा तो उतार, वरनं खारी हवा, केबल गंजायची, ड्रममध्ये तांबडी धूळ बसायची, शूवरचं लायनर, घासणारा थर तो, बघता बघता झिजायचा.

दिनूला तिथं मीच लावला, डायवर म्हणून. मुंबईला जाणार हुता तो, गावातले सगळे बाप्ये जातात तसा. सुलभा म्हणाली, अवो, तुमच्या हाटेलात बघा की कायतरी, माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल. मी सायबांना सांगितलं, दिनूला घेतला. काय आनंद झाला तिला! दिन्या पण असा, पाव्हण्यांना बसवताना हात द्यायचा, म्हाताऱ्यांच्या चपला हातात घेऊन चालायचा, सगळी त्याचंच नाव घ्यायची, तीन नंबरवाल्या दादाला बोलवा.

त्या वर्षी थंडीत लगनं नि पाव्हणे येवडे, की गाड्यांना उसंत नव्हती. मी तीन नंबर उघडली हुती. मागचं लायनर फणसाच्या पानायेवडं पातळ झालेलं, एका बाजूला तर लोखंड दिसत हुतं. मी जाऊन मॅनेजर सायबांना सांगितलं, शू बदलायला पायजे. ते म्हणाले, मागवलेत, जुन्या गाडीचं सामान सहज मिळत नाय, चार दिवसांत येईल, तोपर्यंत गाडी उभी करू नको, पाव्हणे बघतोयस ना. मी काय केलं सांगू? केबलीचा नट आवळला. नट आवळला की पेडल कडक लागतं, पायाला वाटतं ब्रेक झक्कास हाय. आतमध्ये घासायला लायनरच नाय, पण पायाला ते कसं कळणार. हे मी माझ्या ह्या हातांनी केलं.

दोन दिवसांनी दिनू माझ्याकडं आला. म्हणाला, भावजी, वळणावर गाडी जरा सरकते. मी दुसऱ्या गाडीखाली पाठीवर झोपलेला, भायर पण नाय आलो, तिथनंच म्हणालो, चालंल रे, हळू ने, सामान येतंय. तो बरं म्हणाला नि गेला. त्याचे पाय तेवडे मला दिसले. निळ्या पट्ट्याच्या चपला. काय सांगू तुमाला, त्याला मी शेवटचा चालता बघितला तो येवडाच, घोट्यापर्यंत.

त्याच दिवशी दुपारची येळ, एक म्हातारं जोडपं खाली किनाऱ्यावर न्यायचं हुतं. वळणापर्यंत गाडी धरत गेली, वळणावर सुटली. खालच्या बाजूला सरळ कडा हाय, खाली खडक. दिनूनं काय केलं, त्या दोघांना ओरडून सांगितलं घट्ट धरा, नि गाडी डोंगुराच्या बाजूला घातली, चिऱ्यांच्या गडग्यावर, रचलेल्या भिंतीवर, नि अशा बेतानं घातली की आपली बाजू आधी लागंल. त्या म्हाताऱ्या बाईंनीच हे सांगितलं मागनं, रडत रडत. त्यांना खरचटलं, त्यांच्याबरोबरच्या म्हाताऱ्या बाबांचं मनगट दुखावलं. दिनूच्या छातीत स्टेरिंग बसलं.

हॉस्पिटलात तो दोन दिवस हुता. शुद्धीवर आला तवा मी नि सुलभा दोघं उभी. त्याला बोलताना दम लागायचा. मला वाटलं आता हा म्हणणार, भावजी मी तुमाला सांगितलं हुतं. तो म्हणाला, त्या आजी बऱ्या हायत ना? मी म्हणालो, हायत. बरं झालं म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आता पुढचं सांगायला तोंड उघडत नाय, पण सांगतो. मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, डायवरनं गाडी जोरात सोडली असं लिवतायत, तू मध्ये काय बोलू नको, ब्रेकचं नाव काढलंस तर पहिला तू अडकशील, जाणारा तर गेला. पोलिसांनी माझा जबाब घेतला तवा म्हणालो, गाडी ठीक हुती. असं म्हणालो मी. खाली अंगठ्यायेवडी सही केली.

नि मंग गावात सुरू झालं. दिन्या पळवत हुता गाडी. दिन्यानं घेतली असंल थोडी. ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाय त्याच्याबद्दल. माजी सासू, मी त्यांना मामी म्हणतो, दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माजा दिनू असा नव्हता वो, नि लोक हो हो म्हणत पुढं जायचे. सुलभा मला इचारायची, तुमी तर तिथंच असता, तुमी बघितलात का त्याला कदी पळवताना? मी म्हणायचो नाय. ती म्हणायची, मंग सांगत का नाय कुणाला? ती भात वाढायची, मी मान खाली घालून गिळायचो. बाराव्यालासुद्धा मी पुढं होऊन सगळं केलं, लोक म्हणाले भावजी असावा तर असा. त्या दिवशी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

महिनाभर काढला असा. एक दिवस सकाळी सुलभा मागच्या दारी तांदूळ निवडत बसली हुती. मी तिच्यासमोर बसलो नि सगळं सांगितलं. लायनरचं, नट आवळल्याचं, तो सांगायला आला तवा मी चालंल म्हणालो त्याचं, जबाबाचं. ती सूप हातात धरून ऐकत ऱ्हायली. रडली नाय. मला वाटलं मारंल, मारलं असतं तर सोपं गेलं असतं मला. तिनं खडे बाजूला काढले, तांदूळ डब्यात भरले, डब्याचं झाकण लावलं. मंग म्हणाली, मला सांगितलंत, आता आयेला सांगा. नि जिथं खोटं लिवून दिलंत तिथं जाऊन खरं लिवून द्या. ते होईपर्यंत मला हाक मारू नका. पिशवी भरली नि माहेरी गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मामी चुलीपुढं हुत्या. मी उंबऱ्याच्या भायरच बसलो नि बोललो. त्यांनी सगळं ऐकून एकच इचारलं. म्हणाल्या, म्हणजे माजा दिनू नीट चालवत हुता? मी म्हणालो, नीट चालवत हुता मामी, त्याच्याइतकं नीट कोण चालवत नव्हतं, नि त्यानं त्या दोन माणसांना वाचवलं. तवा त्या रडल्या, पोर गेल्यापासनं अशा रडल्या नव्हत्या. मंग डोळे पुसले नि म्हणाल्या, जावा आता तुमी. मी उठलो. मागनं आवाज आला, चाय घेऊन जावा. सुलभानं कप आणून उंबऱ्यावर ठेवला, माझ्या हातात नाय दिला. मी तो प्यायलो. कसा प्यायलो माझं मला ठावं.

तिथनं तसाच पोलिसांकडं गेलो नि खरं सांगितलं. मॅनेजरनं मला कामावरनं काढलं, ते व्हायचंच हुतं. केस उभी ऱ्हायली, मॅनेजरवर नि माझ्यावर पण. अजून चालू हाय. तारखेला जातो, बाकड्यावर बसतो, नाव पुकारलं की उभा ऱ्हातो. वकील म्हणतात, तू आपणहून सांगितलंस ते तुझ्या बाजूनं जाईल. मी म्हणतो, जाऊदे कुणाच्या बाजूनं जायचं ते. गावात एक झालं, आता दिन्यानं पळवली असं कोण म्हणत नाय. म्हणतात ते मला म्हणतात. बरोबर हाय.

सुलभा सात महिन्यांनी घरी आली. कशी आली, का आली, मी इचारलं नाय. आली, चूल पेटवली. बोलते माझ्याशी, मिठाचं, तेलाचं, पावसाचं. भावाचं नाव माझ्यासमोर काढत नाय, नि मी पण काढत नाय.

मी घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून रिक्षांची कामं करतो. मागच्या महिन्यात एक कलमांच्या बागेचा मालक आला, त्यानं आंब्याच्या पेट्या न्यायला जुनी गोल्फ गाडी घेतलीय. ब्रेक लागत नाय म्हणाला. गाडी शेडमध्ये आली. पहिल्या दिवशी हातच लावला नाय. दुसऱ्या दिवशी चाकं काढली, ड्रम काढले, लायनर संपलेलं. मालक म्हणाला, तात्पुरता चालता करून द्या, हंगाम हाय. मी म्हणालो, नाय. तो म्हणाला, अवो, थोडा आवळून द्या, आमी हळू चालवू. मी दोन्ही ड्रम उचलून घरात नेऊन ठेवले. चिडला, बडबडला, पण ड्रमाशिवाय गाडी नेणार कशी. सामान यायला आठ दिवस लागले. नवे शू घातले, केबल नवी, स्प्रिंगा नव्या, ड्रम धुवून पुसून कोरडे केले.

मंग आमच्या घरामागच्या घाटीवर गाडी घेऊन गेलो. एकटाच चाललो हुतो. सुलभा मागनं आली. येऊन बाजूला बसली. मी म्हणालो, तू उतर, मी एकटा बघतो आधी. ती समोर बघत म्हणाली, सोडा.

मी गाडी सोडली. अर्ध्या उतारावर ती म्हणाली, थांबवा. मी पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. कुटंतरी काजूच्या झाडावर एक पाखरू ओरडत हुतं. ती तशीच बसून ऱ्हायली, हात त्या पुढच्या दांडीवर घट्ट. मंग उतरली, पदर खोचला, म्हणाली, देऊन टाका त्यांची गाडी. नि घाटी चढून घरी गेली.

येवडंच हाय माझं. तुमी लिवताय ते लिवा, माझ्या नावाचं काय व्हायचं ते होऊदे. पण दिनूचं नीट लिवा, तो गाडी बेतानं चालवायचा असं लिवा. बसा, जेवूनच जावा, तिनं भात टाकलाय.