कॉम्प्युटरचा कौल

नाही नाही, स्पीकरची वायर नको काढूस — वायर काढून बघितलीय मी. मग लग्नाच्या मुलांचे ते ओळखीचे व्हिडिओ असतात ना, ‘नमस्कार, माझं नाव अमुक, मी तमुक कंपनीत’, ते सगळे मुके होतात. एका मुलीच्या वडिलांनी विचारलेलं, मुलगा बोलत नाही का हो? तेव्हा आवाज हवाय. फक्त ह्या कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज नकोय. ते टण्ण. आणि ते टुडूंग. आणि काही पुसलं की कागद चुरगाळल्यासारखं करतं ना — ते तर अजिबातच नको. बस ना तू. प्रियांका ना? बस. त्या उशीवर नको — म्हणजे बस, पण ती परबांनी आणलेली आहे, जरा जपून. पाचला येतील ते. त्याच्या आत झालं पाहिजे. होईल ना?

अगं, कुंकू आहे ते. घाबरू नकोस, मी रोज पुसते, पण लोक परत लावतात. स्पीकरला हळद, मॉनिटरला कुंकू. आमचं हे वधूवर केंद्र नौपाड्यात अठ्ठावीस वर्षं आहे — फायलींवर चाललेलं, आणि कुणी कधी फायलीला हळद लावली नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने, संदेशने, हा आणून बसवला. डोंबिवलीच्या कुणा सद्गृहस्थाने केलेलं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर आत घातलं आणि म्हणाला, मावशी, आता आराम. आराम! पहिल्याच आठवड्यात कळव्याच्या गंगुबाई आल्या, मुलाचं, सुदेशचं बघायला. मी मुलाचं नाव टाकलं, मुलीचं टाकलं, ‘जुळवा’ दाबलं — टण्ण! बाई उठून उभ्या. म्हणाल्या, डावा कौल. कौल माहितीय ना तुला? नाही? आमच्या कोकणात देवाला विचारतात गं — मूर्तीला तांदूळ नाहीतर कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आणि देव एकदा नाही म्हणाला की विषय संपला. मी म्हटलं, अहो गंगुबाई, यंत्र आहे, वाजतं. त्या म्हणाल्या, यंत्र उगाच कशाला वाजेल? तूच सांग, तू शिकलीयस.

आणि योगायोग बघ, दोन महिन्यांनी ती मुलगी पळून गेली, क्लासमधल्या सरांबरोबर. झालं! कळव्यापासून कर्जतपर्यंत बातमी — नौपाड्यातला कॉम्प्युटर कौल देतो. लोक नारळ घेऊन यायला लागले. एक धोंडीबा म्हणून आजोबा, अकरा नातेवाईक घेऊन आलेले. ह्या इथे, की-बोर्डासमोर हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं — ‘ह्या लेकराचा जा काय खरा असात, ता सांग रे म्हाराजा’ — आणि अकराच्या अकरा जण ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ खाली दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरांचं मशीन तेव्हा कुणाच्या तरी तोंडात होतं. तो पेशंट बोलतो माझ्याशी अजून, डॉक्टर नाही बोलत.

हसतेस काय? मी कधी कौल म्हटलं नाही. फक्त नाही असंही म्हटलं नाही. अर्थ लोकांनी लावले — टण्ण म्हणजे नको. ते टुडूंग, पेनड्राइव्ह घातला की होतं ते, म्हणजे परदेशयोग. काढला की जरा उलटं वाजतं, म्हणजे मुलगा परत येणार. बरं, परदेशयोग मी लावला. कुणीतरी विचारलं, काहीतरी सांगायला नको? आणि एकदाच — एकदाच हं — एक बाई आलेल्या, सून गोरी हवी, नोकरीवाली हवी, आणि ती नोकरी सोडायला तयार असलेली हवी. मी टेबलाखालून पेनड्राइव्ह घातला, काढला, घातला, काढला. चार वेळा. बाई घाबरून जिना उतरल्या. पाप लागलं असेल मला, पण त्या मुली तरी सुटल्या.

झालं का गं? कुठलं पान उघडलंस? नाही, कर तू, मी बोलत नाही. परब म्हणजे हरिहर परब, माजिवड्याचे. पोस्टातून रिटायर झालेत, बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला. दीड वर्ष येतायत स्थळं बघायला. दर गुरुवारी, पाचला. आलेपाक आणतात, स्वतः केलेला, थोडा चिवट होतो, पण मी सांगितलं नाही. अकरा स्थळं दाखवली मी त्यांना. चांगली चांगली, खडवलीच्या एक शिक्षिका तर किती छान. अकराही वेळा टण्ण! आणि दर वेळी ते म्हणायचे, राहिलं मग, चहा घेऊ या का? आणि दर वेळी मला — हे तू कुणाला सांगू नकोस — मला बरं वाटायचं. आत, इथे, बरं वाटायचं. मी पातेलं ठेवायला उठायचे ती जवळजवळ पळतच. तुला वाटेल ही बाई स्थळं जमवते की मोडते. मलाही वाटलं तसं.

मग मागच्या महिन्यात ते गेल्यावर मी सहज — टेस्टिंग म्हणून — त्यांच्या नावासमोर दुसरं एक नाव टाकलं. कुणाचं म्हणजे? असंच एक. नौपाड्यातलं. चोपन्न वर्षांचं. हो, माझंच, आता तू असं बघितल्यावर काय सांगणार. लोकांची लग्नं जमवता जमवता स्वतःचं राहून जातं, विशेष काही नाही त्यात. तर टाकलं आणि दाबलं. टण्ण. रोजच्यासारखंच वाजलं असेल, पण मला मोठ्याने वाजल्यासारखं वाटलं. तीन दिवस केंद्र बंद ठेवलं मी. बाहेर पाटी लावली, घशाचा त्रास. रडले गं, खरंच रडले, मी ज्याला यंत्र यंत्र म्हणायचे त्याच्यापुढे बसून. आणि काल त्यांचा फोन — ‘विनिताताई, उद्या एकच स्थळ बघू, शेवटचं. नाव आल्यावर सांगतो.’ आल्यावर सांगतो म्हणजे काय? फोनवर का नाही? खडवलीच्या बाईंचंच परत असेल. असूही शकेल. पण नसेल तर? नसेल, आणि मी त्यांच्यासमोर ते नाव टाकलं, आणि हा मेला वाजला, तर ते उठतील आणि जातील. मूळचे मालवणचे आहेत ते. कौल झाला की दुसऱ्यांदा विचारणारे नाहीत. म्हणून बंद कर म्हणतेय.

काय? कुठला रकाना?

थांब, परत सांग. गोत्राचा रकाना रिकामा राहिला की वाजतं? एवढंच? म्हणजे जुळतंय, नाही जुळत, ह्याच्याशी काही संबंध नाही? अगं, पण आमच्यात देवक सांगतात, गोत्र कुणाला ठाऊक असतं! त्या डोंबिवलीच्या शहाण्याने देवकाचा रकानाच नाही ठेवला, मी आपली गोत्र मोकळं सोडायचे. स्क्रीनवर तशी पाटी येते? हो, येते ना, वाजलं की मधोमध येते, मी फुली मारते — मला वाटलं जाहिरात आहे. देवा! तरीच. कल्याणचे दगडूकाका आलेले, नातवासाठी, सम्यकसाठी. म्हणाले, आम्ही बौद्ध, आमच्यात पत्रिका बघत नाहीत. बटणच दाबलं नाही मी, आणि महिन्याभरात जमलं त्याचं. आणि बाकीचे? दीडशे तरी असतील गं. गंगुबाईंचा सुदेश अजून बिनलग्नाचा आहे. त्याला काय सांगू मी, बाबा, तुझा रकाना रिकामा होता? खालचा डॉक्टर माझ्याशी बोलत नाही तो ह्यासाठी? आणि मी तीन दिवस घशाचा त्रास?

काहीतरी भरू म्हणतेस? हो, ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं भटजी सांगतात खरं. मग परबांचं काश्यप. आणि माझं — माझंही काश्यपच होणार ना. सगोत्र! म्हणजे जे नुसतं वाजत होतं ते आता शास्त्रानेच मोडणार. काही भरू नकोस. हात लावू नकोस त्या रकान्याला. आवाजच बंद कर.

झाला बंद? सगळे आवाज? थांब, बघू दे. परब, हरिहर... आणि खाली... दाबते हं. दाबलं.

काहीच नाही. पाटी आली फक्त. फुली मारते. पंख्याचा आवाज येतोय बघ, इतकी वर्षं ऐकूच नव्हता आला. मला वाटलेलं, हायसं वाटेल. अगं प्रियांका, आतापर्यंत नाही म्हणायला हा होता. ते काही बोलायच्या आत हाच बोलायचा, आणि मी चहाला पळायचे. आता ते स्वतः नाही म्हणतील, माझ्या तोंडावर, आणि मला इथेच बसून ऐकावं लागेल. परत चालू करतेस का? एकच, ते टण्ण तेवढं? ... नको. नको, राहू दे.

चपला वाजल्या का जिन्यात? पाचला दहा कमी आहेत, हा माणूस दीड वर्षात कधी लवकर आला नाही! स्क्रीनवरची नावं — पुसू नकोस. सोड तो माऊस, पुसू नकोस म्हटलं ना. तू निघ आता. बॅग घे. पदर नीट आहे ना माझा? जा.

या, परब, या. ही कॉम्प्युटरवाली मुलगी, निघालीच आहे. बसा. डबा ठेवा तिकडे. नाही, चहा नंतर. आणि नाव सांगू नका. नाही, आत्ता नाही, थांबा जरा, आधी माझं ऐका. तुम्ही कुणाचंही नाव आणलेलं असू दे, त्याच्या आधी मी एक टाकलंय, ते वाचा. चष्मा घाला. वरची ओळ तुमची. खालची... अहो, मनात वाचा, मोठ्याने काय वाच— प्रियांका, दारात काय उभी आहेस? जा म्हटलं ना! आणि दार लावून घे.