नेम चुकलेल्यांची भिंत

डेलनी : ...म्हणून विचारते, बाबा. जोलीन आणि ब्रिट, माझ्या दोघी मैत्रिणी, त्यांनी पैज लावलीय, माझी हिंमतच होणार नाही म्हणून. हरले तर ब्रिटच्या भावाचे फुटबॉलचे मोजे आठवडाभर मी धुवायचे, आणि ते मोजे तू हुंगलेले नाहीस! तर सांग. गेल्या वर्षी हरणाच्या शिकारीला माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोणत्या गोळ्या भरल्या होत्यास?

वेंडेल : हा काय प्रश्न झाला? ह्याच. हे समोर खोकं आहे. जड, भरीव, चपट्या तोंडाच्या. यंदाही ह्याच.

डेलनी : नक्की?

वेंडेल : पोरी, अख्ख्या शिकारीच्या कॅम्पात गोळी निवडायची झाली की माझ्याकडे येतात. रस्टी येतो. रस्टीचा बाप यायचा. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला वेग बेताचाच. हरिण वीस पावलांवर उभं असलं, तरी तिनं खांद्याचं हाड फोडून फुप्फुसापर्यंत जायला हवं. म्हणून जड हवी, आणि वाटेत फुटता कामा नये.

डेलनी : आणि टोकाला खड्डा असतो ती? तुझ्या पलंगाशेजारच्या खणातली?

वेंडेल : ती चोरासाठी. आत शिरली रे शिरली की फुलते, खोल जात नाही. हरणावर ती झाडणारा गाढव म्हणायचा.

नोरीन : डेल, ते पातेलं इकडे सरकव. पर्सिमनच्या फळांचा गर सांडेल त्या गोळ्यांवर. जेवायच्या टेबलावर दारूगोळा मांडू नकोस म्हणून या माणसाला किती वेळा सांगायचं!

डेलनी : थांब आई, मधे बोलू नको. बाबा, गाढव म्हणालास हं. आता शब्द फिरवायचा नाही. हे काय आहे?

(ती खिशातून काढून टेबलावर ठेवते : काळपट पडलेली, फुलासारखी उमललेली एक गोळी.)

वेंडेल : कुठं मिळाली?

डेलनी : ओढ्यापलीकडे. जोलीनचा भाऊ कुंपण नीट करत होता. काटेरी झुडपात हरणाचा सांगाडा पडला होता, शिंगांना आठ टोकं. ही खांद्याच्या हाडात रुतून बसलेली. हाडात, बाबा. पुढं गेलीच नाही.

वेंडेल : जंगलात शंभर जण गोळ्या झाडतात.

डेलनी : शॉटगननं. आपण होतो त्या दरीत रिव्हॉल्व्हर एकच होतं, आणि ते माझ्या हातात होतं. बाबा, मी शाळेच्या वादविवादाच्या संघात आहे आता. उलटतपासणी माझ्याकडेच असते. पूर्वीची मी असते तर उशीत तोंड खुपसून रडले असते. बोल.

वेंडेल : थंडी होती. तुझे हात कापत होते.

डेलनी : थंडीनं! सगळा उन्हाळा खडीच्या खाणीत जड गोळ्यांनीच डबे पाडले मी. टाळ्या कोण वाजवत होतं?

वेंडेल : डबा वेगळा, जनावर वेगळं. समोर खरं हरिण आलं की भल्याभल्यांचा हात हलतो. त्यात जड गोळीचा दणका बसला असता, तर पुन्हा जंगलात पाऊल टाकलं नसतंस. म्हणून खणातल्या भरल्या. हलक्या, धक्का कमी. एवढ्या जवळून चालून जाईल असं वाटलं.

डेलनी : मला विचारावंसं नाही वाटलं?

वेंडेल : गाडीत झोपली होतीस.

डेलनी : वा! म्हणजे मला काय झेपतं ते मी झोपेत असताना ठरलं.

वेंडेल : चूक झाली. झालं समाधान?

डेलनी : त्या चुकीबद्दल नाही रे म्हणत मी! मी ओरडले होते, 'बाबा, लागली, ते वाकलं!' तू पुढं जाऊन बघून आलास आणि म्हणालास, चुकली. रक्ताचा थेंब नाही. मग आपण शोधलंच नाही.

नोरीन : रक्त होतं.

वेंडेल : नोरीन.

नोरीन : तुझ्या जाकिटाच्या बाहीला. मीच धुतलं. घोळणा फुटला म्हणालास.

डेलनी : आई, तुला माहीत होतं?

नोरीन : संशय होता. म्हटलं, चौघांत याची मान खाली जायला नको.

डेलनी : माझी गेलेली चालली.

नोरीन : तू लहान होतीस. विसरशील वाटलं.

डेलनी : विसरू कशी? त्या रात्री रस्टीकाकानं कात्री आणली, माझ्या शर्टाची मागची पट्टी कापली, वर नाव लिहून कॅम्पच्या भिंतीला ठोकली. आणि बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता!

वेंडेल : रीतच आहे ती. ज्याचा नेम चुकतो त्याची पट्टी. सगळ्यांच्या आहेत तिथं.

डेलनी : तुझी नाही. तुझ्या एकट्याची नाही. हरिण सापडलं असतं तर सोलताना ही गोळी निघाली असती, आणि सगळ्यांनी बघितली असती. होय ना?

वेंडेल : कारखान्यानं घरी बसवल्यापासून मला कोण काय विचारतं, डेल? हे एवढंच विचारायला येतात. एवढंच उरलंय.

डेलनी : ते हरिण ओढ्यापर्यंत गेलं, बाबा. फुटक्या खांद्यानं, तीन पायांवर. तेव्हा आपण गाडीत बसून कॉफी पीत होतो. तू मला तुझं अर्धं सँडविच दिलंस. म्हणालास, रडू नको, पहिल्यांदा सगळ्यांचाच नेम चुकतो.

वेंडेल : मी तुझी पट्टी काढून आणतो. उद्याच. कुणाला कळायचंसुद्धा नाही.

डेलनी : तेच तर नकोय मला!

नोरीन : मग काय हवंय तुला, बाळा?

डेलनी : माझं ठरलंय. दोघंही ऐका. यंदा मी कॅम्पला येणार. ह्या खोक्यातल्या गोळ्या, माझ्या हातानं भरलेल्या. माझ्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही, ती तिथंच राहील. आणि ही फुललेली गोळी मी त्याच खिळ्याला तारेनं बांधणार.

वेंडेल : लोक विचारतील, ही कसली म्हणून.

डेलनी : विचारू देत. मी म्हणेन, मला काय कळतंय? बाबांना विचारा. गोळ्यांतलं त्यांना कळतं.