वहिनींनी ऐकलेली गाडी

मंडळी, नमस्कार. पांढुर्ण्याहून, मोहगावहून, लोधीखेड्याहून तुम्ही वहिनींच्या शोकसभेला वेळ काढून आलात. कन्याशाळेच्या सगळ्या बाई आल्या, वहिनींजवळ शिकलेल्या मुली आल्या. मला भाषणाची सवय नाही. दुकानात कापड फाडता फाडता जेवढं बोलतो तेवढंच. थांबत थांबत बोलतो, सांभाळून घ्या.

शाळेतल्या वहिनींबद्दल बाकीचे बोलले. मी त्यांचा धाकटा दीर. मी घरातलं सांगतो.

दादाची ती हिरवी, दोन सीटची, उघडी विलायती गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. मँगनीजच्या खाणीतले एक साहेब मायदेशी जाताना दादाला विकून गेले होते. दादाचा जीव त्या गाडीत. वहिनींचा नाही. खोटं कशाला सांगू? लुगड्यांना पेट्रोलचा वास येते म्हणून त्या कुरकुर करायच्या.

त्या गाडीला दोन कारब्युरेटर आहेत. दोन्हींनी हवा सारखी ओढली पाहिजे, आणि हवेला लागेल तेवढंच पेट्रोल मिळालं पाहिजे. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर. कमी झालं तर इंजिन खोकते. दादा हे सारं कानानं लावायचा. रबरी नळीचं एक टोक कारब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. मग स्क्रू फिरवून फिरवून हवेचा आवाज एकसारखा करायचा, अन् खालच्या नटानं पेट्रोल कमीजास्त करायचा.

मग दादाला टायफॉईड झाला. दादा वाचला, पण कान गेले.

मंडळी, दादा तेव्हा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे. दुकानात यायचा नाही. गिऱ्हाईक काय म्हणते ते कळायचं नाही, आणि कळलं नाही हे सांगायची लाज. घरातही कोणाला काही विचारायचा नाही. ताटात पडेल ते जेवायचा अन् उठायचा. एक दिवस म्हणाला, गाडी विकतो.

नागपूरहून एक गृहस्थ गाडी पाहायला आले. गाडी सुरू केली तर नुसती थरथर. ते म्हणाले, घाट चढून दाखवा, मग बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

ते गेल्यावर दादा अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा. हातात नळी. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. दादानं नळी त्यांच्यापुढे धरली अन् म्हणाला, "पाह्य बरं, कोणतं जास्त ओढून राहिलं?"

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. एकीकडे कान लावला, दुसरीकडे लावला. डावीकडे बोट केलं. दादानं स्क्रू फिरवला. त्यांनी मान हलवली, अजून नाही. पुन्हा फिरवला. वहिनी ऐकत राहिल्या, दादा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. चूल विझली, पण कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात दादा चालवत होता, बाजूला वहिनी. मी नागपूरवाल्यांच्या गाडीत मागं. अर्ध्या चढावर गाडी खोकली. दादाला काहीच कळलं नाही. वहिनींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. गाडी कडेला घेतली. पेट्रोल कमी पडून राहिलं, असं त्यांनी त्याला खुणेनं समजावलं. दादानं दोन्ही नट जरासे खाली उतरवले. मग ती गाडी जी सुटली, ती घाटमाथ्यावर जाऊनच थांबली. आम्ही मागून पोचलो तेव्हा दादा नागपूरवाल्यांना म्हणाला, "माफ करा साहेब. गाडी विकायची नाही."

मी नंतर वहिनींना विचारलं, तुम्हाला तर ती गाडी नको होती ना? त्या म्हणाल्या, "मले गाडीचं काय करायचं आहे भाऊजी? पण आजारातून उठल्यापासून यांनी कोणाले काही विचारलंच नव्हतं. नळी पुढे केली, तेव्हा पयल्यांदा विचारलं. मी नाही कशी म्हणू?"

मंडळी, आम्ही सगळे त्याला डॉक्टर सुचवत होतो. वहिनी त्याच्या विचारण्याची वाट पाहत होत्या. त्यानंतर दर ऋतूला गाडी दोघं मिळून लावायचे. उन्हाळ्यात वेगळी, थंडीत वेगळी. आता गावात नव्या मारुत्या आल्या, पण यांचं ते सुटलं नाही. वहिनी आजारी पडल्या त्या आठवड्यापर्यंत.

दादा समोर बसला आहे. मी काय बोलून राहिलो ते त्याला ऐकू येत नाही. म्हणून एक गोष्ट त्याच्यासमोरच सांगतो. काल तेरवी झाली. आज सकाळी मी दुकानात पोचलो तर शटर उघडं. दादा गादीवर. रामाकोना गावची एक म्हातारी लुगडं मागत होती. दादा तिला म्हणाला, "बाई, मले ऐकू येत नाही. माझ्याकडे पाहून हळू बोला." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं बाहेरच्या माणसाला कधी म्हटलं नव्हतं. म्हातारी हळू बोलली. दादानं तिला हवं तेच लुगडं काढून दिलं.

माझ्याजवळ सांगायला एवढंच आहे. आता आपण सगळे उभे राहू, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नये.

वहिनी, तुमच्या दिराचा तुम्हाला नमस्कार.