गळ्यात पडून रडणाऱ्या

माहेर माझं बोदवडकडचं अन् सासर शिरपूरजवळचं, म्हनून बोली माझी अर्धी इकडची अर्धी तिकडची, तशीच लिहा, सुधरवू नका. उभी हयात खापरावरच्या पुरनपोळ्या करन्यात गेली. लग्न कोनाचंबी राहो, पोळी हातावर झेलून मोठी करायले मलेच बोलवत. मालक लवकर गेले, मी अन् माझा पोरगा, घर त्याच पोळ्यांवर चाललं.

मंग छाती दुखाले लागली अन् धुळ्याले बायपास झाली. सुटी देताना डॉक्टरनं समजावलं, मावशी, छातीचं हाड कापून तारेनं बांधलंय, ते जुळेपर्यंत वजन उचलू नका, छातीवर दाब येऊ देऊ नका. पोरगा बाजूलेच उभा होता, मान हलवत होता.

घरी आली तं काय सांगू तुम्हाला, बायांची रीघ! आमच्यात दुखन्यातून उठलेल्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, नाही रडली तं माया नाही म्हनतात. मी हात आडवा धरला, म्हटलं बाई, हाड कच्चं शे, लांब बस. तं माझी मोठी जाऊ म्हने, ऑपरेशन झालं तं हिले मानसं नकोशी झाली का, अन् तिनं असं आवळलं मले की आत कटकन वाजलं. वाजलं हो, मी ऐकलं! पोराले सांगितलं तं म्हने, आई, गॅस असीन, ओवा खा. हाड हललं अन् मी ओवा खाऊ! खोकली की आत कटकट वाजे, मंग ताप भरला, टाक्यातून पू आला, तरी बाया येतच होत्या अन् हा पोरगा येईल त्या बठ्ठ्यांले चहा देत होता. शेवटी मीच ओरडली, गाडी आन, नाही तं मी चालत जाते धुळ्याले.

तिथं परत छाती उघडली. हाड सुटलेलं, आत पू. तारा काढल्या, जखमेले पू ओढनारं मशीन लावलं, मंग बाजूचं मांस सरकवून झाकलं. डॉक्टर पोरावर चिडले, अजून उशीर केला असता तर आई हाती लागली नसती. तवा कुठं तो रडला.

आता बरी शे. पोळी झेलता येत नाही, खुर्चीत बसून दुसऱ्यांले शिकवते. पन राग जात नाही. परवा जाऊ आली, पुन्हा हात पसरले, वाचली वो माय म्हनून सूर काढला. म्हटलं, अक्का, मी मेली असती तं मनसोक्त रडली असती तू, कोनी अडवलं नसतं, जिती शे तं त्या खाटेवर बस अन् बोल. फुगून बसली. बसू दे. देव तिलेबी धडधाकट ठेवो, पन तिच्यावर अशी पाळी आली तं मी दारातूनच रडीन.