‘ब’ची फाईल

मी मुखेड तालुक्यातली. बा रेल्वेत गँगमन, मुदखेडला, आठवड्याला एकदा घरी यायचा, आन् माय लोकाच्या रानात निंदाया-खुरपाया. आमी बौद्ध समाजाची मानसं, घरात खायला कमी आसलं तरी पुस्तकाला न्हाई म्हनायचं न्हाई, आसा बाचा कायदा. तरी बारावी झाली की लगीन झालं माझं. आमचे हे एसटीत मेकॅनिक, लातूर डेपोला, म्हनून मी लातूरला आले. पोरगी शाळेला जायला लागली तवा मी ह्यांला म्हनले, दिवसभर घरात बसून काय करू, मला काम पायजे. हे म्हने, बग बाई, तुला जमत आसंल तर कर.

काय सांगू तुम्हाला, बाजारात रशीदभाईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान व्हतं, तितं मी टायपिंगला लागले आन् टायपिंग करता करता हातात स्क्रू खोलायचा पेचकस कवा आला ते मलाच कळलं न्हाई. बाईमानूस कॉम्प्युटरचा डबा उघडून बसलेली बगून गिऱ्हाईक इचारायचं, मिस्तरी कुटं हाय? रशीदभाई म्हनायचे, यही है मिस्तरी, बैठो. मानूस कसा आसावा तर तसा.

आमच्या ह्यांच्या वळखीचे व्यंकटकाका, रिटायर कंडक्टर. सारी नोकरी मुखेड, देगलूर, उदगीर ह्या पट्ट्यात. तिकडं कसं हाय, एक बाई मराठी बोलते, शेजारची तेलुगू, मागच्या शिटावरचा म्हातारा कन्नड, आन् तिकीट मागताना समदं एकात एक मिसळतं. तर काका काय करायचे, गाडीत कानावर पडलेला नवा शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिवून ठेवायचे. रुमालाला दस्ती कोन म्हनतं, थोरल्या भनीला अक्का कोन म्हनतं, येळवशीच्या सणाला रानात आंबील शिंपडताना काय बोलतात, समदं. रिटायर झाल्यावर एका बोटानं टाईप करून करून कॉम्प्युटरात भरलं, एकेका अक्षराची एकेक फाईल. आन् चिठ्ठ्या? चिठ्ठ्यांला वाळवी लागली, त्या फेकल्या. म्हनजे जे काय व्हतं ते त्या एका डिस्कमधी.

ते डबा घेऊन दुकानात आले. म्हनले, बाई, विंडोज सारखं बिघडतं, दर खेपेला नवं टाकावं लागतं, मला भीती वाटते, माझे शब्द येगळ्या खोलीत ठेवून दे. म्हनजे पार्टिशन करायचं, एका डिस्कचे दोन भाग, सी मधी विंडोज आन् डी मधी काकाचं काम. मी आसले भाग लई पाडले व्हते. रशीदभाई नांदेडला गेल्ते. ते नेहमी सांगायचे, पैले कॉपी, फिर काम. मी म्हनले, दहा मिंटाचं तर काम हाय. कॉपी घेतली न्हाई. यूपीएसची बॅटरी उतरल्याली, तरी सुरू केलं. आन् निम्म्यात लाईट गेली.

लाईट आली तवा डिस्क पार कोरी दिसून राहिली. ना सी, ना डी. स्क्रीनवर इचारतंय, फॉरमॅट करू का? रशीदभाईला फोन लावला तर ते एवढंच म्हनले, बेटी, कुच भी मत दबाव, बंद कर दे, मैं आ रहा.

आले, आन् रागावले न्हाईत. मी त्यानला म्हनले, काकाला काय सांगू? ते म्हनले, जो हुआ वोइच बोल. मग मी काकाच्या घरी गेले, दारातच सांगितलं, काका, मी कॉपी घेतली न्हाई, चूक माझी हाय, तुमचं काम बहुतेक गेलं. काकांनी आतून खुर्ची आनली, म्हनले, बस आधी, पानी पी. मला तितंच रडू आलं.

रशीदभाईनं त्या डिस्कवर काहीच केलं न्हाई. अगुदर तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आन् हरवलेलं पार्टिशन त्या नकलेवर धुंडलं. मी दोन दिवस विहारात बसतात तशी बसून व्हते. अन् सापडलं की हो! अ उघडली, क उघडली, म उघडली. एक ‘ब’ची फाईल तेवढी उघडंना. आत नुसते चौकोन आन् प्रश्नचिन्हं.

काका म्हनले, एक अक्षर गेलं ना, परत गोळा करू. मग रोज दुपारी ते दुकानात यायचे, मी टाईप करायची. बिगीनं, बाज, बोळकं, बारव. आठवना झालं की आमी बसस्टँडवर जाऊन बसायचो, मानसं बोलतात ते आयकायचो. दिवाळीला माय आली व्हती, तीबी बसली आमच्याजवळ. बोलता बोलता म्हनली, मपल्या माहेरी दाने बळदात ठेवायचे. काका उडालेच. बळद म्हनजे? माय म्हनली, आवं, भिंतीतच धान्याची जागा आसती, वरून भरायचं आन् खाली भोकातून काढायचं. काका म्हनले, हे माझ्यापाशी कवाच नव्हतं, बाई. त्यांनी शब्द लिवला आन् त्याच्याम्होरं मायचं नाव लिवलं. मायला वाचता येत न्हाई. तिनं स्क्रीनवरच्या नावाला बोट लावून इचारलं, हे मी हाय? हाव, मी म्हनले, हे तूच हाय. लई येळ बोट काढलं न्हाई तिनं.

ह्यांची बदली मुखेडला झाली, आता तितं मपलं दुकान हाय, बसस्टँडजवळच. रशीदभाई थकले, पन फोन करतात. मी पार्टिशनला हात लावायच्या आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेते, ती कॉपी उघडून बगते, बॅटरी तपासते, सी ला मोकळी जागा सोडते. आन् गिऱ्हाईकाला समजावून सांगते, डी मधी ठेवलं म्हनजे जपलं असं न्हाई, एकाच घराच्या दोन खोल्या हायत त्या, घर पडलं तर दोनी जातात. काही जन कटाळतात, बाई लई बोलते म्हनतात. म्हनू द्या.

बाबासाहेबांच्या पुन्याईनं शिकले, ह्यांनी आडवलं न्हाई, रशीदभाईनं शिकवलं. पन त्या दिशी काका वरडले असते ना, तर मी परत कवा पेचकस धरला नसता. त्यांला लई आयुष्य लाभू दे. परवा त्यांचा फोन आला व्हता. म्हनले, बाई, ‘ब’ची फाईल आता समद्यात मोठी झालीय.